निजलेला मारुती छापताना

आमच्या पडवीत छापखाना आला तेव्हा मला वाटलं होतं, आता आपलं जपाला बसणं संपलं. पायानं चालवायचं ट्रेडल मशीन ते. खट् करून उघडायचं, घर्र करून मिटायचं. पण महिनाभरात अशी सवय झाली की ते थांबलं की माझाच मणी चुकायचा. मी देवघरातून विचारायची, "काय झालं हो भाऊ?" आणि पडवीतून उत्तर यायचं, "काही नाही वहिनी, कागद लावून राहिलो. चालू द्या तुमचं राम राम."

हे पडवीतले म्हणजे आमचे भाडेकरू, गुणवंताभाऊ कळंबे. पांढुर्ण्यात गेल्या काही वर्षांत ज्यांच्याकडे लग्न झालं, त्यातल्या बऱ्याच घरच्या पत्रिका यांच्या हातच्या. अंगानं काटकुळे, डोक्याला रुमाल, आणि उजवी पोटरी डावीपेक्षा जाड. मशीन हाणून हाणून तशी झालेली. अक्षरांचे शिसाचे खिळे उलटे जुळवायची सवय, त्यामुळे समोरच्याच्या मांडीवरचं वर्तमानपत्र त्यांना पलीकडून, उलटं असूनही, सरसर वाचता यायचं. आमचे हे सकाळी पडवीत पेपर उघडून बसले की भाऊ काम करता करता पलीकडून म्हणायचे, "खालची बातमी वाचा न साहेब, संत्र्याचा भाव पडला म्हणते." ह्यांची वरची ओळसुद्धा झालेली नसायची. हे चिडायचे, पेपर घडी करून आत यायचे आणि मला म्हणायचे, "एक दिवस मी कोराच कागद धरून बसतो."

भाऊ माणसं ओळखत ती पत्रिकेवरून. कोणी रस्त्यात नमस्कार केला तर म्हणत, "हा तोच न, ज्याच्या लग्नात पाहुण्यांची सोय शाळेत होती, अन् मामाचं नाव मागून आठवलं म्हणून खाली बारीक खिळ्यात घुसवलं होतं?" माणसाचं नाव विसरतील, त्याच्या मामाचं नाही.

त्यांच्या छापखान्यात कागद वाया जात नसे. बिघडलेल्या पत्रिका मागच्या बाजूनं मुलांच्या पाढ्यांना, फळीवर अंथरायला, मशीनच्या पाठीमागे दाब वाढवायला. मी एकादशीचा प्रसाद दिला की शाईच्या हातांनी घेऊ नये म्हणून त्याच कागदाचा पुडा करून पुढे धरत. पण पुडा करायच्या आधी एक काम न चुकता व्हायचं. पत्रिकेच्या माथ्यावर गणपती असतो. ती वरची पट्टी भाऊ आधी फाडून वेगळी काढत. कधी घाईतसुद्धा चुकली नाही. त्या पट्ट्या एका पत्र्याच्या डब्यात जमायच्या आणि जाम नदीला पाणी आलं की डबा नदीत रिकामा व्हायचा. त्यांची बायको शोभा म्हणायची, "दुसऱ्यांच्या घरचे देव जमवते हा माणूस. कोनाड्यातल्या डब्यात गणपती, अन् घरच्या डब्यात डाळ नाही." शोभाचं बोलणं असंच. भाऊ हसायचे. डाळ असायची, हेही सांगून टाकते.

त्या वर्षी, म्हणजे पंच्याऐंशी साली, त्यांच्या उर्मिलेचं लग्न ठरलं. सौंसरजवळ बोरगावचं स्थळ. मुलाचे वडील मोरेश्वर, त्यांना सगळे बापूजी म्हणत. जामसांवलीच्या मारुतीचे मोठे भक्त. शनिवार चुकवायचे नाहीत. त्यांनी मागितलं काहीच नाही. म्हणाले, दोन्ही घरची एकच पत्रिका काढू, तुमच्याकडे छापखाना आहे तर तुम्हीच काढा. फक्त वर गणपतीसोबत आमच्या जामसांवलीच्या महाराजांचा फोटो पाहिजे. आणि पहिली पत्रिका महाराजांच्या पायाशी, लग्नाआधीच्या शनिवारी, दोन्ही घरच्यांनी मिळून ठेवायची. त्याच्या आधी एकही पत्रिका वाटायची नाही, असा त्यांचा नवस.

मग त्यांचं पत्र आलं, सोबत फोटो. फोटोला टाचणी लावली नव्हती. देवाला टोचायचं कसं? लाल कापडाच्या तुकड्यात गुंडाळून लिफाफ्यात घातला होता. पत्र भाऊंनी मला वाचून दाखवलं. शेवटी लिहिलं होतं, "फोटो तुमच्याकडे नीट निघत नसेल तर संकोच करू नये. नागपूरला मोठे छापखाने आहेत, तिकडून काढून घ्यावे. मात्र महाराजांचा चेहरा स्पष्ट दिसला पाहिजे. डोळे दिसले पाहिजेत."

भाऊंनी पत्राची घडी केली आणि मशीनच्या चाकावर हात ठेवला.

"नागपूरले?" ते म्हणाले. "साऱ्या गावाच्या पोरींच्या पत्रिका मी काढाव्या अन् माह्या पोरीची नागपूरवाल्यानं काढावी?"

मी म्हटलं, "त्यांनी सोयीनं लिहिलं भाऊ. तुम्ही मनावर नका घेऊ."

"मनावर नाही घेऊन राहिलो, वहिनी. पोरीले द्यायले माह्यापाशी दुसरं काय आहे सांगा? भांडी मामा देते, साडी मावशी देते. हे एकच काम मले येते."

तर गोष्ट एवढीच होती. उर्मिलेची पत्रिका तिच्या बापाच्या हातची निघते की नाही. शनिवार ठरलेला, आणि भाऊंनी आजवर फोटो कधी छापला नव्हता. त्यांच्याकडे गणपतीचा, कलशाचा, हार घालणाऱ्या जोडीचा ठसा होता, ते सगळे रेघांचे. फोटोचा ठसा म्हणजे बारीक बारीक ठिपके, मुंगीच्या डोळ्याएवढे. तरुणपणी नागपूरला ज्या उस्तादांकडे काम शिकले तिथे त्यांनी तो छापताना पाहिला होता, तेवढंच.

फोटो टपालानं नागपूरला गेला आणि आठवड्यानं लाकडी तळावर बसवलेल्या जस्ताच्या ठशासोबत परत आला. शोभा, उर्मिला, मी, सगळ्या पाहायला गोळा झालो. ठशाच्या कडेला बाणाची खूण होती, ही बाजू वर. भाऊंनी खुणेप्रमाणे चौकटीत ठसा बसवला, बाजूनं खिळे घट्ट बसवले, शाई घातली आणि पहिला कागद काढून आमच्यासमोर धरला.

आम्ही सगळ्या वाकून पाहायला लागलो. उर्मिलाच म्हणाली, "बाबा, हे महाराज उभे कायले आहेत?"

जामसांवलीचा मारुती निजलेला आहे, हे आमच्याकडच्या लेकराला ठाऊक. नागपूरच्या त्या ठसेवाल्याला ठाऊक नसावं. त्यानं आडवा फोटो पाहिला, मारुती म्हणजे उभाच असणार असं धरलं, आणि बाण काढून दिला. आणि भाऊंनी, जन्मभर जामसांवलीला जाऊनसुद्धा, बाण पाहिला आणि मानला.

"बाप्पा!" शोभा तोंडाला पदर लावून म्हणाली. "देवाले उठवून ठेवलं तुमी. पोरीच्या लग्नाचं एवढं काम लागलं का त्यायले?"

भाऊ आधी ओशाळले, मग स्वतःच इतके हसले की रुमालानं डोळे पुसावे लागले. कपाळाला शाई लागली. ठसा काढला, हात जोडले आणि आडवा बसवला. पण ठसा आडवा म्हणजे रुंदी वाढली. खालचा सगळा मजकूर सरकवावा लागला. वधूवरांची नावं, मुहूर्त, स्थळ, सगळं परत जुळवणं आलं. त्यात दिवस गेला.

दुसऱ्या दिवशी छापलं तर मारुतीवर चिखल फेकल्यासारखा. ठिपके एकमेकांत मिसळून सगळा लगदा.

"शाई जास्त झाली," भाऊ म्हणाले. शाई कमी केली. मग काही जागी चिखल, काही जागी कोरं. शाई घट्ट केली. मग कागदच ठशाला चिकटून फाटायला लागला, तो नेमका देवाच्या अंगावर. म्हणून ते लगेच बंद केलं. दुपारी त्यांनी रोलरला बोट लावलं आणि मान हलवली. रोलर म्हणजे शाई लावणारे गोल दांडे, सरस आणि गूळ आटवून ओतलेले. वैशाखातल्या आमच्या उन्हात ते पत्र्याखाली मऊ पडून राहिले होते. मऊ रोलर ठशाच्या खाचांत शिरतो आणि ठिपक्यांच्या मधली जागा भरून टाकतो.

भाऊ आत आले. उंबऱ्याच्या बाहेरच थांबले.

"वहिनी, तुमच्या घरात सगळ्यात थंडी जागा कोणती?"

"देवघरातला माठाचा कोपरा. का?"

"रोलर ठेवायचे होते. पण तिथं नको." मग स्वतःहूनच म्हणाले, "सरस कायचा असते ते तुमाले माहीत नसन. जनावराच्या कातड्याचा, हाडाचा. आधीच सांगून टाकतो, मागून कळलं तर तुमाले वाईट वाटन."

मला खरंच माहीत नव्हतं. माझ्या जपाच्या खोलीपलीकडे इतकी वर्षं ते चालू होतं. मग मनात आलं ते विचारून टाकलं, "आणि त्याच रोलरनं मारुतीला शाई लावणार?"

भाऊ म्हणाले, "देवळात आरतीले ढोलक वाजते न वहिनी? त्याले कायचं लावलं असते?"

मी न्हाणीघराचं दार उघडून दिलं. रोलर न्हाणीघरात आले. तिथली फरशी नेहमी गार. ओल्या पोत्यावर, वर ओलं फडकं टाकून, आजारी माणसासारखे निजवले. आमचे हे संध्याकाळी हातपाय धुवायला गेले आणि तिथूनच ओरडले, "अगं, हे कोण आलंय इथे राहायला?"

पहाटे, ऊन चढायच्या आत, भाऊंनी रोलर परत चढवले. आता चिखल गेला. ठिपके उमटले. हार दिसला, गदा दिसली, मारुतीचा आडवा देह खांद्यापासून पायापर्यंत छान आला. फक्त चेहरा नाही. चेहऱ्याच्या जागी धुकं, आणि डोळ्यांच्या जागी तर काहीच नाही. बापूजींनी जे मागितलं होतं नेमकं तेच नाही.

भाऊंनी ठशाखाली जाड कागद घालून तो उचलून पाहिला. चेहरा जरासा आला, तर पाय काळे पडले. कागद काढला, पाय सुधारले, चेहरा गेला. दाब वाढवला तर गणपती इतका खोल रुतला की पाठीमागून बोटाला लागायचा. असं करत करत सकाळ गेली आणि पाटावर बिघडलेल्या मारुतींचा गठ्ठा वाढत गेला. त्या गठ्ठ्याचं काय करायचं, हाही प्रश्न. ह्यात माथ्याची पट्टी फाडून बाकीचा कागद वापरायची सोय नव्हती. अर्धा कागद देवानंच व्यापलेला. भाऊंनी प्रत्येक कागद सरळ करून बापूजींच्या लाल कापडावर रचला होता. प्रसादाच्या पुड्यालासुद्धा त्यातला एक वापरला नाही.

शोभा पडवीच्या खांबाला टेकून उभी होती. "अवो, आइकता का. शुक्रवारपर्यंत नागपूरवाला काढून देईन. ट्रेन आहे. कायले जिवाले खाऊन राहिले?"

"थांब न."

"थांबलीच आहे मी. तुमच्याशी लगन झालं तवापासून थांबलीच आहे."

भाऊ हसले नाहीत. तेव्हा मला कळलं की काही तरी आहे जे ते सांगत नाहीत. शोभा घरी गेल्यावर मी विचारलं, "भाऊ, ह्याला उपाय नाहीच का?"

"आहे न," ते म्हणाले. "उस्ताद करत होते तो. फोटो एकसारखा दाबून चालत नाही. जिथं गडद पाहिजे तिथं मागून दाब जास्त लागते, जिथं फिकं तिथं कमी. मंग उस्ताद काय करत, निघालेल्याच फोटोचा एक कागद घेत अन् कात्रीनं कापत. चेहरा वेगळा, डोळे वेगळे, खांदा वेगळा. छापायच्या कागदाच्या पाठीमागे मशीनले एक कागद बांधला असते, ते तुकडे त्याच्यावर बरोब्बर त्या त्या जागी चिकटवत. मंग दाब तिथं तिथं बसते अन् फोटो असा उठून येते, जसा माणूस समोर बसला."

"मग?"

भाऊंनी पाटावरची कात्री उचलली, पाहिली, परत ठेवली.

"वहिनी, मी बजरंगबलीचे डोळे कापू?"

सकाळपासून मशीन का अडलंय ते मला तेव्हा कळलं. उपाय हातात होता, पण हातच धजत नव्हता. दुसऱ्या कोणाला हे सांगितलं असतं तर तो हसला असता, कागदच तर आहे म्हणाला असता. मला हसू आलं नाही. माझ्या देवघरातली तसबीर फुटली होती तेव्हा काचसुद्धा मी केरात न टाकता धुतल्या फडक्यात बांधून ठेवली होती. मी आत जाऊन देवापुढे बसले. पडवीतून ना खट्, ना घर्र. त्या दिवशी माळ धड पुरी झाली नाही.

दुपारी ताकाचा पेला घेऊन बाहेर आले. भाऊ फोटोकडे पाहत बसले होते, बापूजींनी पाठवलेल्या मूळ फोटोकडे. शेंदराचा जाड थर, त्यावर चांदीचे डोळे. मी सहज म्हटलं, "किती थर असतील हो ह्या शेंदराचे? मागच्या वेळी आम्ही चोला, म्हणजे शेंदराचा लेप, चढवायला गेलो होतो तेव्हा पुजारी आधी तेल लावून मग शेंदूर लावत होता. एकदम नाही. खांद्याला थोडा, गालाला थोडा, कपाळाला जास्त. परत परत. मला वाटलं, आधीचा काढून मग नवा लावतील, तर नाही, वरूनच."

भाऊंनी पेला हातात घेतला आणि तसाच धरून बसले. प्यायले नाहीत.

"वरूनच," ते म्हणाले. मग हळूहळू, "कापायचं नाहीच. चढवायचं."

"म्हणजे?"

"देवाचे तुकडे कायले पाहिजे वहिनी? कोरा कागद आहे न! पतंगाचा, पातळ. गालावर थोडा, कपाळावर जास्त, डोळ्यावर आणखी. थरावर थर. चोला चढवल्यासारखा." ते उठलेच. "उस्ताद शहरातले, त्यायले कापायचं सुचलं. अन् मी सकाळपासून त्यायचीच कात्री धरून बसलो."

ताक तसंच राहिलं. मीच नंतर परत आत नेलं.

पण एक अडचण होती. थर कुठे चढवायचे ते कळायला मागच्या कागदावर चित्र तर दिसलं पाहिजे. आणि तिथे देव छापून त्यावर दिवसभर मशीनचा मार द्यायचा, हेही भाऊंना मान्य नव्हतं. त्यांनी मग ठसा कोरडा केला, रोलर उतरवले आणि शाई न लावताच मशीन मिटवलं. उघडल्यावर मागच्या पांढऱ्या कागदावर काहीच दिसेना. भाऊंनी मला बोलावलं. "असं तिरपं पाहा. उजेड कडेनं येऊ द्या." मी मान वाकडी करून पाहिलं आणि माझे हात आपोआप जुळले. कोऱ्या कागदावर, नुसत्या दाबानं, मारुती निजलेला होता. रंग नाही, रेघ नाही, फक्त उठाव.

भाऊ घरी जाऊन आंघोळ करून आले. मी तांदळाच्या पिठाची खळ शिजवून दिली. बाजारची खळ मी त्या कामाला वापरू दिली नाही. पतंगाच्या कागदाचे तुकडे त्यांनी बोटांनी फाडले. कात्री पाटाखाली ढकलून दिली होती. फाटलेल्या कागदाची कड पातळ होत जाते, कापलेल्याची नाही; त्यामुळे छापताना थराची रेघ दिसत नाही, असं त्यांनी मला मागाहून सांगितलं. तेव्हा मात्र ते काही बोलत नव्हते. बोटाच्या टोकावर खळ, खळीवर तुकडा, उजेडाकडे मान तिरपी. एक थर वाळला की रोलर चढवायचे, एक कागद काढून पाहायचा, परत दुसरा थर. गालाला थोडा. कपाळाला जास्त. ऊन चढलं की रोलर न्हाणीघरात, उतरलं की मशीनवर. आमच्या ह्यांनी त्या दोन दिवसांत तक्रार न करता विहिरीवर आंघोळ केली.

शाई त्यांनी लाल आणि पिवळी घोटून शेंदरी केली होती. शुक्रवारी सकाळी मी तुळशीला पाणी घालत होते तेव्हा खट् झालं, घर्र झालं आणि मग बराच वेळ काहीच झालं नाही. मी तांब्या तसाच ठेवून पडवीत गेले. भाऊ कागद हातात धरून उभे होते.

"पाहा," एवढंच म्हणाले.

मारुती पाहत होता. आडवा, शांत, आणि डोळे उघडे. असे की कागद इकडून तिकडे नेला तरी आपल्याकडेच.

उर्मिला धावत आली. तिनं कागद घेतला नाही. हात मागे बांधून वाकून पाहिलं, शाई ओली होती म्हणून. छापखानेवाल्याच्या घरात वाढलेली पोर. मग तिनं खालचा मजकूर वाचला, अगदी तळापर्यंत, आणि म्हणाली, "बाबा, तुमचं नाव दोन ठिकाणी आलं."

शोभानं विचारलं, "दोन ठिकाणी कायले? एकदा पोरगी देऊन राहिले, दुसऱ्यांदा काय देऊन राहिले?"

पत्रिकेच्या अगदी खाली, एकदम बारीक खिळ्यात, सगळ्याच पत्रिकांवर असतं तसं होतं: मुद्रक, गुणवंता कळंबे, पांढुर्णा. वर वधूपिता म्हणून मोठ्या खिळ्यात, आणि खाली मुद्रक म्हणून. भाऊ म्हणाले, "राहू देऊ का काढू? पोरीच्या पत्रिकेवर बरं दिसत नसन तर काढतो."

"काढाल तर मी जेवणार नाही," शोभा म्हणाली आणि डोळे पुसत घरी गेली. मग दिवसभर मशीन थांबलं नाही. माझी माळही नाही.

शनिवारी आम्ही बसनं जामसांवलीला गेलो. शोभा, उर्मिला, भाऊ, आणि मला आग्रहानं घेतलं. बोरगावची मंडळी आधीच आलेली. बापूजी उंच, मिशा पांढऱ्या, कडक धोतर. बोलणं कमी. भाऊ त्यांच्यासमोर जरा आक्रसूनच उभे होते. हातातली पत्रिका त्यांनी पुढे केली नाही, तर आधी देवाला, असं म्हणाले. बापूजींना ते आवडलं असावं. त्यांनी मान डोलावली.

पुजाऱ्यानं पत्रिका घेतली, मारुतीच्या पायाशी ठेवली, फूल वाहिलं. मग रीतीप्रमाणे शेंदरात अंगठा बुडवला आणि पत्रिकेवर टेकवला. नेमका मारुतीच्या चेहऱ्यावर. अंगठा उचलला तेव्हा तिथे शेंदराचा जाड ठिपका होता. गाल, कपाळ, डोळे, सगळं त्याखाली.

त्या चेहऱ्यासाठी काय काय झालं होतं ते मला ठाऊक. शोभा तर पुढेच सरकली. बापूजीही वाकून पाहत होते. "अरे," ते म्हणाले, "महाराजांचा चेहराच झाकला गेला. दुसरी घ्या भाऊ, दुसरी ठेवू."

भाऊ पहिल्यांदा त्यांच्याकडे सरळ पाहून हसले. "राहू द्या न बापूजी. मी दोन दिवस तेच करून राहिलो होतो. शेवटचा हात त्यायनं लावला."

बापूजींना कळलं नाही. तेव्हा शोभानं सांगितलं, तिच्याच पद्धतीनं, देवाला उठवून ठेवलं तिथपासून न्हाणीघरातल्या पाहुण्यांपर्यंत. आजूबाजूची माणसं हसायला लागली, पुजारीही हसला. बापूजी हसले नाहीत. त्यांनी पिशवीतली दुसरी पत्रिका मागून घेतली, चष्मा लावला, आणि तिथेच देवळात उभ्यानं, मोठ्यानं वाचायला सुरुवात केली. पहिल्या श्रीपासून. वधूवरांची नावं, मुहूर्त, स्थळ, निमंत्रक. वाचत वाचत अगदी तळाशी आले तसा कागद डोळ्यांच्या जवळ नेला, कारण खिळा फार बारीक होता.

"मुद्रक, गुणवंता कळंबे," त्यांनी वाचलं. मग चष्म्यावरून पाहिलं. "हे तुमीच होय न?"

"हाव जी," भाऊ म्हणाले.

"मले वाटलं नागपूरचं काम आहे." बापूजींनी पत्रिका दुमडली नाही, तशीच सपाट दोन हातांवर धरली आणि होणाऱ्या सुनेच्या हातात दिली. उर्मिलेला म्हणाले, "ही तुह्यापाशी ठेव, पोरी. ही वाटायची नाही."

बिघडलेल्या मारुतींचा लाल गठ्ठा आम्ही सोबत नेला होता. वैशाखात जाम नदीला पाणी ते किती, म्हणून पुजाऱ्याला विचारून तो देवळातच सोपवला. मशीनच्या पाठीमागचा तो थरांचा कागद मात्र भाऊंनी लग्नानंतर सोडवून मला आणून दिला. म्हणाले, "वहिनी, हा कुठं टाकू ते समजून नाही राहिलं. यात देव आहे का नाही, ते तुमीच पाहा."

तो माझ्या देवघरात तसबिरीमागे उभा आहे. नुसता पांढरा कागद दिसतो. रोज सकाळी धूळ पुसताना मी त्यावरून बोट फिरवते, खांद्यावरून गालावर, गालावरून कपाळावर. बाहेर पडवीत खट् होतं, घर्र होतं. कोणाच्या तरी लेकीचं लग्न असतं.